निळे डाग

तुये, पेडणे
१८ फेब्रुवारी २०२५

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील, तर त्याआधी एवढीच एक ओळ वाच. गौरवी बरी झाली.

आता फाडलंस तरी चालेल. पण शेवंती वहिनी मागे उभी राहून "पुढे काय लिहिलंय ते तरी बघा" म्हणत असेल, म्हणून लिहिते.

औषधं थांबून पाच वर्षं झाली. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी काल फाइल मिटली आणि म्हणाले, "आता वर्षातून एकदा तोंड दाखवायला या. ही बरी झालेली मुलगी आहे." मी तिथेच बाकावर बसून राहिले. गौरवीनेच माझी पर्स उचलली. "आई, ऊठ. पुढचे पेशंट उभे आहेत."

तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती पाच वर्षांची होती. आता तेरावं लागलंय. माझ्या कानापर्यंत येते. तळपायांना अजून मुंग्या येतात, औषधांमुळे. पळताना पडते, उठते, परत पळते. केस परत आले ते कुरळे आले. आपल्या आईचे होते तसे.

शाळेत गणिताचा प्रकल्प दिलाय, पायचा इतिहास. वर्तुळाचा तो पाय, तीन पूर्णांक चौदा. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "पायाचो कसलो इतिहास गो? माझे पाय दुखतत ता लिही आधी." गौरवीने खरंच वहीच्या कोपऱ्यात आजीचे सुजलेले पाय काढलेत.

तिने मला आर्यभटाचं सांगितलं. त्याने वर्तुळाच्या घेराचा आकडा दिला आणि पुढे प्रामाणिकपणे लिहिलं की हा आसन्न आहे, म्हणजे खऱ्याच्या अगदी जवळचा, पण खरा तोच असं नाही. बसमध्ये मी म्हटलं, "तू पूर्ण बरी झालीस गो." ती म्हणाली, "आसन्न."

ह्यांनी काल संध्याकाळी नवस फेडला. गावाच्या राखणदार देवाला कोंबडा दिला. मान स्वतःच्या हाताने कापली. शेजाऱ्यांना बोलावलं, त्याच कोंबड्याची शागोती केली. सगळे ह्यांच्या पाया पडायचेच बाकी होते. लेकीसाठी आठ वर्षं नवस पाळणारा बाप पेडण्यात दुसरा नाही म्हणाले.

तुमच्याकडे काजूचा हंगाम सुरू झाला असेल. परीक्षा संपली की गौरवीला थोडे दिवस न्यायला येशील का? तिला काजूच्या बोंडूंचा वास आठवतो म्हणते. झालं ते झालं. मी तेव्हा तुला उंबरा ओलांडू नको म्हटलं, ते शब्द आता मीच परत घेते.

अक्षर तिरकं आलंय. डाव्या डोळ्याला रांजणवाडी झाली आहे. फोन करू नकोस, फोनवर मला नीट बोलता येत नाही. पत्र मागच्या खोलीतल्या सोनाबाईच्या नावावर पाठव. ती माझ्याच कारखान्यात पॅकिंगला असते.

हर्षा


तुये
६ मार्च

दादा,

तुझं पत्र नाही. सोनाबाई रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन मान हलवते. काल म्हणाली, "तुमचा भाऊ लईच रागीट दिसतोय वो बाई." मी म्हटलं, रागीट आहे म्हणून नाही, शरमेने लिहीत नसेल. चुकले का मी?

रांजणवाडी नव्हती.

शागोतीत मीठ कमी पडलं होतं. पाहुणे गेले, मी भांडी घासत होते. हे मागे येऊन उभे राहिले. "इतक्या लोकांत माझी अब्रू घालवलीस." मी वळले, आणि वळता वळता बसली. कानापासून डोळ्यापर्यंत. मी बालदीवर पडले. त्या हाताला अजून कोंबड्याच्या रक्ताचा वास होता.

तुला नवस माहीत नाही. आपलं बोलणं त्याच दिवसांत तुटलं होतं. गौरवीला वॉर्डात घेतलं त्या आठवड्यात ह्यांनी गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांसमोर, नारळ हातात धरून. "चेडू बरा होयसर मी बायलेर हात उगारूचंय नाय." मुलगी बरी होईपर्यंत बायकोवर हात उगारणार नाही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. त्या वाक्याला शेवट आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आणि त्यांनी पाळलं, दादा. खोटं का बोलू? आठ वर्षं मला बोट लावलं नाही. भिंतीला मारायचे. चुलीमागच्या भिंतीचा गिलावा छातीच्या उंचीवर सगळा पडलाय, आत दगड दिसतात. एकदा पोळी करपली तेव्हा शेजारच्या कुत्रीचं पिल्लू पायात आलं. त्याला उचलून त्याच भिंतीवर आपटलं. मग बोटं धुतली आणि गौरवीला मांडीवर घेऊन औषध पाजलं. एक थेंब सांडू दिला नाही. ही दोन्ही माणसं एकच आहेत हे मला कुणाला पटवून देता येत नाही. मलाही रोजच पटतं असं नाही.

फोन ते रोज तपासतात. म्हणून पत्रं.

गौरवीला कळलंय. ती बोलत नाही, आकडे म्हणते. पायचे आकडे वॉर्डात शिकली. मालती टीचर म्हणून एक बाई संध्याकाळी मुलांना शिकवायला यायच्या. पाठीच्या कण्यात सुई घालायचे, त्या वेळी मन दुसरीकडे ठेवायला त्यांनी ते शिकवले. तीन, एक, चार, एक, पाच, नऊ. शेजारच्या खाटेवर प्रतीक्षा होती, गडहिंग्लजकडची. ही एक आकडा म्हणायची, प्रतीक्षा पुढचा. नर्सबाई हसायच्या, म्हणायच्या यांची भजनं सुरू झाली. प्रतीक्षा गेली. आता दोघींचे आकडे हीच म्हणते. प्रतीक्षाच्या आकड्यांवर आवाज थोडा बारीक करते.

काल जेवताना प्रकल्पातलं सांगत होती. आर्किमिडीज नावाच्या माणसाने वर्तुळाच्या आतून आणि बाहेरून शहाण्णव बाजूंची आकृती काढून पायला मध्ये पकडलं. मग त्याच्या शहरात शत्रूचं सैन्य शिरलं. एक शिपाई आला, चल म्हणाला. हा म्हणे जमिनीवर वर्तुळं काढत होता, म्हणाला थांब, माझी वर्तुळं मोडू नको. शिपायाने तलवार घातली.

मला वाटलं हे काही तरी हळहळतील. ताटातला मासा सोलत म्हणाले, "बरा केल्यान. सांगान आयकना नाय तर काय करतलो?"

गौरवीने ताट सरकवलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि परत पुढे ओढून सगळं संपवलं. दादा, जेवण सोडायचं नाही हे ती वॉर्डात शिकली, पण माझ्या वाट्याचा मार वाचवायला जेवायचं हे ती कुठे शिकली?

परीक्षा १९ला संपते. ये ना.

हर्षा


तुये
१४ मार्च

दादा,

कागदावर तेलाची बोटं उमटलीत, समजून घे.

आज धुळवड. मुलं रंगून आली. गौरवी डोक्यापासून पायापर्यंत हिरवी-निळी. मी तिला मागच्या पाण्याच्या दोणीपाशी बसवून खोबरेल नि बेसन लावून हात चोळत होते. ती खिदळत होती, "आई, साल काढशील!" हिरवा निघाला. गुलाबी निघाला. निळा निघेना.

दंडावर. मग पोटऱ्यांवर. मी चोळत राहिले. ती हसायची थांबली. म्हणाली, "ते राहू दे. ते रंगाचं नाही. आपोआप आलंय."

आपोआप. दादा, तुला तो शब्द आठवत असेल.

२०१७च्या एप्रिलमध्ये तू काजूगर घेऊन आला होतास. गौरवी झग्यात अंगणात खेळत होती. तिच्या हातापायांवर असेच डाग होते, तू विचारलंस, आणि मी म्हटलं आपोआप येतात. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. माझ्या ओठावर तेव्हा खपली होती. हे मला मारतात हे तुला दोन वर्षं माहीत होतं. घरी गेलास, आणि दुसऱ्या दिवशी बोंडू वेचायची काठी घेऊन आलास, टोकाला खिळा मारलेली. "माझ्या भाचीलाही सोडत नाहीस?" म्हणालास. ह्यांना दारातून ओढून काढलंस. गळ्याखालचं हाड मोडलं तो आवाज मी चुलीपाशी ऐकला. खिळ्याने खांद्याचं मांस निघालं. तू थांबलास तो तुझा हात थकला म्हणून.

आठव्या दिवशी बांबोळीला रक्त तपासलं. डाग मारामुळे नव्हते. तिच्या रक्तातच कर्करोग होता.

मग सगळे तुझ्यावर उलटले. निरपराध बापाला मारलं, बिचाऱ्याची लेक मरणाच्या दारात आणि हात गळ्यात. वॉर्डात ते गळपट्टी बांधलेल्या हाताने तिला उचलायचे आणि नर्सबायका रडायच्या. मला तिच्या आजारात बाप हवा होता, रक्त द्यायला, रात्री बसायला, गाडी चालवायला. म्हणून मी तुला येऊ नको म्हटलं. त्यानंतर ह्यांनी मला मारलं असतं तरी कुणी मानलं नसतं. तुझ्या एका चुकीत त्यांचं सगळं खरं धुऊन निघालं.

तू जे पाहिलं होतंस ते आज मी पाहिलं. तेच दंड, तोच निळा. परत आलं, दादा. पाच वर्षांनंतर येत नाही म्हणाले होते, तरी आलं.

उद्या पेडण्याला रक्त तपासायला नेते. ह्यांना सांगितलेलं नाही. देवापाशी जे काही बोलशील ते शेवट नसलेल्या वाक्यात बोल.

हर्षा


तुये
१७ मार्च

दादा,

रक्त चांगलं आहे. सगळे आकडे जिथे हवेत तिथे आहेत. रोग परत आलेला नाही.

दवाखान्यात हे ऐकून मी डॉक्टरीणबाईंचे हात धरले. त्यांनी सोडवून घेतले. गौरवीला बाहेर पाणी प्यायला पाठवलं आणि दार लावलं. म्हणाल्या, "हर्षा, दंडावर चार डाग एका बाजूला आहेत आणि एक दुसऱ्या बाजूला. आजार असे डाग देत नाही. ही बोटं आहेत. पोटऱ्यांवरचे वळ काठीचे आहेत."

बाई म्हणाल्या, "मी लिहून देते. तू सांगशील तिथे येऊन बोलेन."

लेकीला कर्करोग नाही म्हणून मला हसायचं होतं, दादा. त्यांनी दिलेला कागद मी चार घड्या करून पर्समध्ये ठेवला.

बसस्टँडवर गौरवीने सांगितलं. मी दुसऱ्या पाळीला होते, सासूबाई देवळात. तो हुर्राक, काजूची दारू, पिऊन आला. हो, आता मी "तो"च लिहिणार. साईश त्याचं नाव. लग्नानंतर ते मी कधी कागदावर लिहिलं नव्हतं.

ही प्रकल्पाचा तक्ता रंगवत होती आणि पुटपुटत होती. तो म्हणाला, "काय मोजतंस? माझे दिवस मोजतंस?" ही म्हणाली, पायचे आकडे. तो म्हणाला, "आठ वर्षां तुझ्यापायी हात बांधून घेतलंय. बघूया तरी किती शिकलंस. म्हण. चुकलंस की एक." आणि दाराच्या खुंटीवरची वेताची काठी घेतली. एका हाताने दंड धरला.

तिने म्हटले. बरोबर म्हणत राहिली, म्हणून तो आणखी चिडला. कागद न बघता बरोबर की चूक हे त्याला काय कळणार? त्याने वाटेल तिथे मारलं.

"मग मी खरंच एका ठिकाणी चुकले," ती म्हणाली. "प्रतीक्षाचा आकडा होता."

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मध्ये पडली असतीस. आणि हुर्राक उतरली की बाबांना आठवत नाही. मला वाटलं, डाग बघून सगळ्यांना वाटेल परत आलं. मग बाबा परत नवस बोलतील." मग म्हणाली, "तू रक्त तपासायला नेशील असं नव्हतं वाटलं."

माझी मुलगी आजारी असण्यात आमची सुरक्षितता शोधत होती. तेराव्या वर्षी.

घरी येऊन मी त्याच्यासमोर तिची बाही वर केली. पहिल्यांदा तो खरंच घाबरला. "परत इला काय गो?" पांढराफटक पडला. मी म्हटलं, ही तुझी बोटं आहेत. तो बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. सुटका. आजाराच्या नावाखाली हे खपेल, हे त्याला सुचलं होतं. उठला, अंगणात गेला, हाका मारून वाडा गोळा केला.

"हर्षाचा डोका फिरला! पोरीक परत डाग इले, आणि ही म्हणता मी मारलंय. हिच्या भावान पण असांच म्हटल्यान होतां, आठवता मा?" शर्ट काढून खांदा दाखवला. तो खड्डा अजून तसाच आहे.

सगळ्यांना आठवलं. बायका मला समजवायला आल्या. "बाय, तू खूप सोसलंस, आराम कर. रक्ताचं दुखणं, डाग येणारच." मी कागद दाखवला. इंग्रजी कागद कोण वाचणार? त्याने तो माझ्या हातातून घेऊन फाडला. डॉक्टरीणबाईंकडे दुसरी प्रत आहे.

सगळे गेल्यावर त्याने दार लावलं. त्या रात्रीचं लिहीत नाही. दोन बोटं हलत नाहीत, म्हणून हे अक्षर सोनाबाईचं आहे, मी सांगते तसं ती लिहिते. ती म्हणते तिच्याही दोन ओळी लिहू दे.

भाऊ, मी सोनाबाई. मला भिंतीतनं सगळं ऐकू येतंय. आमची भाड्याची खोली, बोलाय गेलं तर उद्या रस्त्यावर. पर पोरीला न्या वो इथनं.

दादा, मी तिला घेऊन एकटी निघाले तर फाटकावरच दहा जण हात धरून आत आणतील. माझ्या भल्यासाठी. पण मामा भाचीला न्यायला आला तर तिला कुणी अडवत नाही. काजूच्या दिवसांत तर नाहीच. म्हणून रविवारी ये, सकाळच्या उजेडात, बसने. पोलिसांकडे मी त्यानंतर जाईन. आधी ती त्या घरातून बाहेर हवी.

आणि काठी आणू नकोस. कुणाला बरोबर आणू नकोस. तो तुला डिवचणार, मला माहीत आहे. तू एक बोट उचललंस तरी पुन्हा तोच खरा ठरेल, आणि गौरवी कायमची आत राहील. हात उचलणार असशील तर येऊच नकोस.

हर्षा


लाटंबार्से
२८ मार्च

दादा,

तुझा जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही, आणि मला तुझ्या घरून दोन दिवस जबाबांसाठी इकडेतिकडे जावं लागतंय. म्हणून म्हापशाच्या इस्पितळात हे पत्र शेवंती वहिनी आणि गौरवीच्या हाती पाठवते. बोटं आता हलतात. आठ वर्षं तू लांब होतास तेव्हा लिहिलं नाही, आता जवळ आहेस तर लिहावं लागतंय.

तू बेशुद्ध पडलास त्यानंतरचं तुला माहीत नाही. आणि आधीचंही, तू डोळे मिटून घेतले होतेस, म्हणून सांगते.

तू फाटकाशी उभा राहून हाक मारलीस, "गौरवी, मामा आलाय गो." ती पिशवी भरून तयारच होती. साईश आडवा आला. "ये ये, मेव्हण्यानूं. काठी खंय?" तू म्हणालास, "काठी नाही. भाचीला न्यायला आलोय." तो मोठ्याने हसला, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं. "माका मारूक नाय? हो बघा खांदो, हयसर मार." त्याने तुला ढकललं. तू दोन्ही हात पाठीमागे नेलेस आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलंस. मी पायरीवर होते, मला तुझी बोटं दिसत होती. ती पांढरी पडली होती.

पहिला ठोसा तोंडावर. तू उभा राहिलास. दुसरा. तू खाली वाकलास, पण हात सोडले नाहीत. मग त्याने गाडीतला जॅकचा दांडा आणला.

दादा, तुझा हात माझ्या माहितीत सगळ्यात लवकर उठणारा हात आहे. लहानपणी फणसावरून भांडलो तरी आधी तुझी थप्पड बसायची. ते हात पाठीमागे कसे राहिले ते तुझं तुला माहीत.

माणसं जमली होती. पहिल्यांदा नुसती बघत होती, त्यांना वाटत होतं आता तू उलटशील. तू उलटलाच नाहीस. तुझा दात पायरीवर पडला तेव्हा कुणीतरी "अरे" म्हणालं. सोनाबाई मागच्या खोलीतून किंचाळत आली, "धरा की वो त्याला! मारून टाकील त्यो माणसाला! उभा ऱ्हाऊन काय बघताय, दशावतार हाय व्हय?" तिचा नवरा मारुती सगळ्यात आधी धावला. मग बाकीचे. सासूबाईंनी आतून खिडकीचं जनेल लावून घेतलं.

मी त्याच्या दांड्याच्या हाताला चावले. सुटेना म्हणून हाड लागेपर्यंत चावले. रक्ताची चव दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात होती. पोलीसबाईंनी विचारलं, तुम्ही काय केलंत? मी जसं केलं तसं सांगितलं. त्याने माझ्यावर तक्रार केली आहे, ती करू दे.

तू पडल्यावर गौरवी अंगणाच्या मधोमध आली. बाह्या वर केल्या. त्याच माणसांसमोर, एकेकापुढे जाऊन हात धरला. डाग आता हिरवट पडलेत. तिने शेजारच्या काकांचा हात घेतला आणि त्यांची बोटं स्वतःच्या दंडावरच्या डागांवर ठेवली. चार इकडे, अंगठा तिकडे. तंतोतंत बसली. काका मागे सरले आणि खाली बसले. आठवड्यापूर्वी याच बाईमाणसांनी मला आराम कर म्हटलं होतं. आता पोलिसांत सात जणांनी जबाब दिलाय. डॉक्टरीणबाई स्वतः कागद घेऊन गेल्या. साईश कोठडीत आहे. पुढचं पुढे. तो सुटून येईल याची भीती मला आहे, आणि ती मी लपवत नाही. दिवाणखान्यात गौरवी झोपते तिथे मी कोयती घेऊन झोपते.

काल वहिनीने तुझी चिठ्ठी आणली. इतक्या पत्रांचं हे पहिलं उत्तर. वाकड्या अक्षरात एवढंच, "त्या वेळी मी चुकलो. ते आठ वर्षं खातंय. तुझ्या पत्रांना उत्तर द्यायची लाज वाटायची."

मी काय लिहू याचा विचार करत होते. चुकला नाहीस असं लिहिणं खोटं होईल. तू चुकलास, आणि त्या चुकीची किंमत आम्ही मोजली. मी असंच लिहायला घेतलं होतं. गौरवीने खांद्यावरून वाचलं आणि माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाली, मामाला मी सांगते. खालचं तिचं आहे.

मामा, माझ्या प्रकल्पात विल्यम शँक्स म्हणून एक माणूस आहे. इंग्लंडमध्ये मुलांची शाळा चालवायचा आणि वर्षानुवर्षं हाताने पायचे आकडे काढायचा. सातशे सात आकडे काढले. पण पाचशे अठ्ठाविसावा चुकला, आणि मग पुढचे सगळेच चुकले. तो मेल्यावर साठ-बासष्ट वर्षांनी कळलं. वर्गात मुलं त्याला हसली. मी नाही हसले. आईला बाबा मारतात हे तुला माहीत होतं, ते बरोबर होतं. बाबा घाबरवतात ते बरोबर होतं. माझे डाग तेवढे चुकले. शँक्सचे पहिले पाचशे सत्तावीस बरोबरच होते, मामा. ते कुणी खोडले नाहीत.